खाली चाललो

तेरा नंबरचा एक पाना.

सोळा विटा. आठ-आठच्या दोन थप्प्या, पाणसळ लावून अगदी समतल केलेल्या.

बुधवारी सकाळी दारावरून गेलेला भंगारवाला.

पिवळ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा.

एक शिलाई मशीन. चालता चालता मध्येच थांबणारं.

"ऐकलं!"

हे असं तुकड्यातुकड्यांत सांगतेय, कारण माझ्या भावानं मला ते तसंच सांगितलं. सख्खा धाकटा भाऊ. त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून खोटं बोलला की कान लाल होतात, आणि मग आईच काय, शेजारीपण ओळखायचे.

हे सांगताना त्याचे कान पांढरेफटक पडले होते.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्या गाडीखाली वाकून पाहिलंय. मला पुरे झालं.

रात्रीची गोष्ट नाही ही. अमावस्या नव्हती, वीज गेली नव्हती. रविवार होता. लख्ख ऊन. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

वेळ इतकी नेमकी कशी, विचाराल. तर माझा भाऊ घड्याळजी आहे. आणि त्याचं घड्याळ त्या वेळी थांबलं वगैरे काही नाही. छान चालू होतं. अजूनही चालू आहे.

*

घड्याळजीनं अडीच वर्षांपूर्वी लग्न केलं. त्याचं पहिलं, तिचं दुसरं.

तिचा पहिला नवरा गाड्यांचा मेकॅनिक होता. अख्खी गल्ली त्याला उस्ताद म्हणायची. घराच्या बाजूच्या शेडमध्ये त्याचं काम चालायचं. तीस वर्षं तो माणूस गाड्यांखाली गेला आणि दर वेळी सुखरूप वर आला. मेला तो दवाखान्यात. पोटाच्या दुखण्यानं, पलंगावर.

हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, गाडीखाली चिरडून मेला असणार आणि आता भूत होऊन छळतोय. तसं काही नाही.

ती शिवणकाम करायची, अजूनही करते. घर तिचं होतं, म्हणून लग्नानंतर घड्याळजीच तिच्याकडे राहायला गेला.

तिथंच सगळं बिनसलं.

कारण ते घर तिचं नव्हतंच. उस्तादचं होतं.

रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर "उस्तादच्या घराशी." दाराची कडी उस्तादनं बसवलेली. नळ उस्तादनं बदललेला. तिच्या मशीनचं पायडल उस्तादनं असं काही बसवून दिलेलं, की नुसतं बोट लावलं तरी फिरायचं. अंगणात शेडखाली उस्तादची जुनी गाडी. ही गाडी चालवायला ती त्याच्याकडूनच शिकलेली. आठवड्यातून दोनदा गाडी काढायची, तयार कपडे पोचवून यायची. विकायचं नाव काढू द्यायची नाही.

उस्तादचा विषय निघाला की ती म्हणायची "ते". "ते असं करायचे. ते तसं म्हणायचे."

आणि घड्याळजीला "अरे, तू."

"अरे, जवळच्या माणसालाच 'तू' म्हणतात," मी त्याला समजावलं होतं.

"हो का? मग तू भाऊजींना काय म्हणतेस, ताई?"

काय बोलणार? "अहो" म्हणते.

मत्सर माणसाला आतून कसा खातो ते मी त्याच्याकडं बघून शिकले. जिवंत माणसाचा मत्सर बरा. तो कधीतरी चुकतो, पडतो, म्हातारा होतो. मेलेला माणूस आहे तिथंच राहतो. उस्ताद रोज तेवढाच चांगला.

*

शेडच्या भिंतीवर पिवळ्या रंगात सूचना लिहिल्या होत्या. उस्तादनं सांगितल्या, समोर राहणाऱ्या पेंटरनं लिहिल्या. पेंटर म्हणजे जुने पाट्या रंगवणारे. आता हात थरथरतो, म्हणून दिवसभर ओट्यावर बसून गल्लीवर नजर ठेवतात.

*जमीन सपाट आणि पक्की आहे का बघ.*

*जे चाक जमिनीवर राहणार त्याला दोन्हीकडून ठोकळे.*

*जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. घोडी लाव.*

घोडी म्हणजे गाडी उचलल्यावर तिच्या पोटाखाली ठेवायची लोखंडी तिवई. जॅक नुसता उचलायला. तोलून धरायला घोडी. उस्तादच्या दोन घोड्या होत्या, पिवळ्या रंगवलेल्या. त्याची सगळी हत्यारं पिवळी. पान्यांच्या मुठींनासुद्धा पिवळा पट्टा.

*काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकव.*

*खांद्यानं ढकलून बघ. तीनदा. हलली तर पुन्हा पहिल्यापासून.*

आणि सगळ्यात खाली, जरा मोठ्या अक्षरांत:

*सांगून जा. आल्यावर सांग.*

ही त्या दोघांची पद्धत होती. गाडीखाली सरकण्याआधी उस्ताद शेडमधून हाक मारायचा, "खाली चाललो!" घरात मशीन थांबायचं. ती म्हणायची, "ऐकलं!" मशीन पुन्हा सुरू. काम झालं की तो बाहेर येऊन ओरडायचा, "वर आलो!" ती म्हणायची, "कळलं!"

खूप वेळ "वर आलो" आलं नाही, तर ती उठून बघायला जायची. एवढंच. दिवसातून सात-आठ वेळा, इतकी वर्षं.

लग्नानंतर घड्याळजी पहिल्यांदा गाडीचं ऑइल बघायला शेडमध्ये गेला, तेव्हा ती सहज म्हणाली, "खाली जाशील तेव्हा सांग हं. 'खाली चाललो' म्हण, मी 'ऐकलं' म्हणेन."

"मी काय त्याची नक्कल करू?"

"नक्कल कसली? मला कळायला नको?"

"मी काही विहिरीत उतरत नाहीये."

तिनं विषय सोडला. तिला सोडता यायचं. याला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यानं शेडच्या भिंतीला पांढरा चुना मारला. म्हणे भिंत कळकट दिसते. उस्तादची हत्यारं एका पत्र्याच्या पेटीत घातली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात. स्वतःसाठी नव्या पान्यांचा संच आणला.

चुना वाळला.

आठ दिवसांनी भिंतीवर पिवळं पुन्हा दिसायला लागलं. आधी पुसट. मग वाचता येईल इतपत.

फक्त शेवटची ओळ.

"ऑइलपेंटवर चुना टिकतो का कधी, घड्याळजी?" पेंटर समोरून हसले. "माझ्या हातचं आहे ते. तुमच्या नातवंडांनापण दिसेल."

*

मग गाडीचा सायलेन्सर खडखडायला लागला.

ती म्हणाली, "उस्तादांचा एक शागीर्द आहे, त्याला बोलावते."

बस्स. तेवढं पुरलं.

"मी करतो," घड्याळजी म्हणाला.

"तू?"

त्या एका "तू?"नं घात केला. त्यात हसू होतं की काळजी, हे मी तिला कधी विचारलं नाही. त्यानं ठरवून टाकलं होतं, हसू होतं.

बुधवारी ती कपडे पोचवायला गेली असताना भंगारवाला आला. घड्याळजीनं दोन्ही घोड्या उचलून त्याच्या गाड्यावर टाकल्या. फुकट. तो बिचारा विचारत राहिला, "साहेब, चांगल्या आहेत हो, नक्की देताय?"

"गंजल्यात," घड्याळजी म्हणाला.

कान लाल झाले असणार. भंगारवाल्याला काय कळतंय.

शनिवारी तिनं विचारलं, "घोड्या कुठं दिसत नाहीत?"

"आहेत. मी नीट ठेवल्यात."

"लावल्याशिवाय खाली जाऊ नकोस. ते कधीच जायचे नाहीत."

ते.

घड्याळजी रात्रभर कुशी बदलत राहिला.

*

रविवार. तिनं जेवणानंतर मशीन लावलं. कुणाच्या तरी पडद्यांचं काम होतं. लांबच लांब शिवण. खटखटखटखट.

घड्याळजी शेडमध्ये.

आता तो काय करत होता ते नीट ऐका. माझा भाऊ बेफिकीर नाही. उलट, इतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. गव्हाच्या दाण्याएवढा स्क्रू चिमट्यात धरतो आणि श्वास रोखून बसवतो. त्याला वाटलं, नेमकेपणानं काम केलं की झालं. विटा निवडून घेतल्या. धुतल्या, पुसल्या. एकावर एक अशा रचल्या की मधून कागद जाणार नाही. पाणसळ लावली. बुडबुडा बरोबर मध्ये. गाडी जॅकवर पुढून उचलली, डावं चाक काढलं, ते भिंतीला नीट टेकवून ठेवलं. दोन्ही बाजूंना विटांच्या थप्प्या सरकवल्या, गाडी त्यांच्यावर अलगद उतरवली. आणि जॅक काढून बाजूला ठेवला.

दिसायला इतकं सुबक, की दुकानाच्या काचेत मांडावं.

पण घड्याळात कशालाच वजन नसतं. वीट भिंतीत भार घेते, तो तिच्या सगळ्या अंगावर पसरून. इथं गाडीच्या पत्र्याची एक बोटभर कड विटेच्या मधोमध टेकलेली. वीट वाकत नाही. करकरत नाही. आधी सांगत नाही. एकदम फुटते.

मागच्या चाकांना ठोकळे लावले नव्हते. शेडच्या जमिनीला पाणी वाहून जायला थोडा उतार होता. हँडब्रेकची तार जुनी.

खांद्यानं ढकलून बघितलंही नाही. मांडणी बिघडेल म्हणून.

"घड्याळजी!" समोरून पेंटर ओरडले. "गाडी आहे ती. मनगटाला नाही बांधायची!"

"झोपा काका तुम्ही."

"घोड्या कुठायत उस्तादच्या?"

त्यानं जमिनीवर पोतं अंथरलं. पाठीवर आडवा झाला. चुन्यातून वर आलेली ती पिवळी ओळ डोक्याशीच होती.

*सांगून जा.*

तो मुद्दामच काही बोलला नाही. मुकाट्यानं खाली सरकला.

तीन वाजून दहा मिनिटं.

आत मशीन चालू होतं. खटखटखटखट.

आणि मग…

मशीन थांबलं.

"ऐकलं!"

तिचा आवाज. खणखणीत.

मशीन पुन्हा सुरू. खटखटखट.

घड्याळजी गाडीखाली तसाच पडून राहिला. पाना हातात, हात हवेत.

त्यानं हाक मारलीच नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, तो घाबरला. नाही. मला त्यानं जे सांगितलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "ताई, मला आधी भीती वाटलीच नाही. तिचा आवाज ऐकला असतास तर तुला कळलं असतं. दोन वर्षांत माझ्याशी ती त्या आवाजात एकदाही बोललेली नाही."

कसला आवाज, मी विचारलं.

"घरातलं माणूस घरात असल्याचा."

फोनवर बोलत असेल. दारात गिऱ्हाईक आलं असेल. त्यानं स्वतःची समजूत घातली आणि नटाला पाना लावला.

सायलेन्सरचा पाइप दोन ठिकाणी जोडलेला असतो, नट-बोल्टानं. खालून नट फिरवायचा, तर वरून बोल्टाचं डोकं दुसऱ्या पान्यानं धरावं लागतं. नाहीतर नटाबरोबर बोल्टही गोल गोल फिरतो, आणि सुटत काही नाही. वरची फट अरुंद. त्याचा हात पोचेना. दोन माणसांचं काम ते.

नट फिरवला. बोल्ट फिरला. पुन्हा फिरवला. पुन्हा फिरला.

घाम डोळ्यांत उतरला. उस्ताद हे एकट्यानं कसं करत असेल, असा विचार मनात आला, आणि त्या विचाराचाच त्याला राग आला.

पुन्हा पाना लावला. जोर दिला…

बोल्ट फिरला नाही.

नट सुटायला लागला.

एक आटा. दोन आटे. अगदी मऊ, लोण्यासारखा. वरून कुणीतरी बोल्टाचं डोकं घट्ट धरून ठेवावं तसा.

त्याला आनंद झाला. खरंच झाला. तीन आटे सोडवेपर्यंत तो मनात म्हणत होता, बघ, जमलं की नाही मला!

मग त्याच्या लक्षात आलं. वर गाडीचा पत्रा होता. पत्रा आणि पाइप यांच्यात चार बोटांची अंधारी फट. तिथं कोण धरणार?

त्यानं पाना थांबवला.

सगळं शांत. फक्त आत मशीन.

आणि त्या फटीतून… ग्रीसचा वास. ताजा. त्यानं तर ग्रीसचा डबा उघडलाच नव्हता.

त्यानं पाना अगदी हळू, केसभर फिरवला.

वरून तेवढंच, केसभर, उलट दाबलं गेलं. जसं सोबत काम करणारा माणूस न बोलता विचारतो: हं, पुढं?

भीतीच्याही आधी त्याला उस्तादचा राग आला. कडी तुझी. नळ तुझा. मशीन तुझं. बायको तुला "ते" म्हणते. आणि हा एक नट, एकच नट मी सोडवीन म्हटलं होतं, तर इथंही तूच?

तो दातओठ खाऊन म्हणाला,

"सोड."

दोन क्षण काहीच झालं नाही.

मग बोल्ट मोकळा झाला. पान्याबरोबर गोल गोल फिरायला लागला. रिकामा.

"ताई," तो मला म्हणाला होता, "मी ओरडलो नव्हतो. कुजबुजलो होतो. आणि त्यानं ऐकलं."

आता मात्र तो तिथं एक क्षण थांबला नाही. भीतीनं नव्हे. रागानं. तिला जाऊन विचारायचं होतं, समोर उभं राहून, की तू "ऐकलं" म्हणालीस ते कुणाला? कोपरांवर जोर देत, पाठ खरवडत तो बाहेर सरकला. उठला. दोन पावलं टाकली.

कट्.

सुपारी फोडल्यासारखा आवाज. बस, तेवढाच.

मग दुसरी थप्पी आडवी झाली आणि गाडी पुढच्या अंगानं खाली बसली. धप्प. जमीन हादरली. विटांच्या भुकटीचा लाल ढग शेडभर पसरला. त्याची छाती जिथं होती तिथं आता वीतभरसुद्धा जागा उरली नव्हती.

मशीन थांबलं.

ती धावत आली. अनवाणी, बोटात शिवणाचं टोपण तसंच. तिनं भिंतीशी उभ्या असलेल्या घड्याळजीकडं पाहिलंच नाही. ती सरळ गाडीपाशी गुडघ्यांवर पडली, गाल जमिनीला टेकवला आणि त्या अंधाऱ्या फटीत ओरडली,

"अहो!"

आणि पुन्हा, गळा फाटेल अशी,

"अहो! ऐकताय ना?"

तिच्यामागं चार पावलांवर माझा भाऊ उभा होता. जिवंत. अंगावर नुसती धूळ.



पेंटर रस्ता ओलांडून आले, तेव्हा त्यांनी तिला धरून उठवलं. "पोरी, मागं बघ. मागं बघ आधी."

ती वळली. तिनं त्याला पाहिलं. मग पुढं आली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली.

"वर आलास तर सांगता येत नाही? सांगता येत नाही तुला? 'वर आलो' म्हणायला जीभ झडते?"

त्यानं तिचे हात धरले. आणि जीव वाचलेल्या माणसानं जे विचारू नये, नेमकं तेच विचारलं.

"तू 'ऐकलं' कुणाला म्हणालीस?"

"तुला. कुणाला म्हणजे? तू हाक मारलीस ना, 'खाली चाललो' म्हणून."

"मी नाही मारली."

तिचे हात थांबले.

"काका, मी हाक मारली?"

पेंटरनी मान हलवली. "मी समोरच होतो. तू मुक्यासारखा शिरलास. मी तर तुला शिव्या घालत होतो मनातल्या मनात."



"आवाज कसा होता?" घड्याळजीनं विचारलं.

ती नुसती टोपण बोटातून काढत राहिली, घालत राहिली.

"माझा होता का? सांग ना. माझ्यासारखा होता?"

"मशीनच्या आवाजात काय कळतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

*

संध्याकाळी मी पोचले. पेंटरनी कुणाच्या तरी दोन घोड्या आणवल्या होत्या. गाडी पुन्हा उचलली, या वेळी ठोकळे लावून, तीनदा ढकलून. मी स्वतः बॅटरी घेऊन वाकून पाहिलं.

खाली विटांचा नुसता चुरा. घड्याळजीचा नवा पाना चेपून पडलेला.

आणि वर, पाइपाच्या मागं, बोल्टाच्या डोक्यावर अडकलेला…

दुसरा पाना. तेरा नंबर.

मुठीवर पिवळा पट्टा.

"उस्ताद विसरला असेल पूर्वी कधी," पेंटर म्हणाले. पण म्हणतानाच त्यांचा आवाज पडला. उस्ताद हत्यार विसरणारा माणूस नव्हता. आणि पाना आधीपासून तिथं असता, तर बोल्ट गोल गोल फिरला कसा असता?

घड्याळजीनं खिशातून किल्ली काढली. पेटी आमच्यासमोर उघडली. पान्यांची कापडी पिशवी उलगडली. बारा होता. चौदा होता.

मधला कप्पा रिकामा.

मी त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, जे काही होतं त्यानं तुला वाचवलं. हात जोड आणि विसर."

"वाचवलं?" तो हसला. तसलं हसू मला त्याच्या तोंडावर पुन्हा बघायचं नाही. "ताई, आता तर मला त्याचा रागही धरता येणार नाही. तेवढं एक माझं होतं."

*

याला आता सात महिने झाले.

घड्याळजीनं नव्या घोड्या आणल्यात. पिवळ्या रंगाचा अर्धा डबा शेडमध्ये पडून आहे, तरी रंगवल्या नाहीत. ठोकळे लावतो, ढकलून बघतो, काढलेलं चाक खाली सरकवतो. आणि खाली जाण्याआधी मान खाली घालून म्हणतो, "खाली चाललो."

ती म्हणते, "ऐकलं."

म्हणते. पण हा तो आवाज नव्हे. मी स्वतः ऐकलाय. हा आवाज काळजीचा आहे, मायेचा आहे, चांगला आहे. तो नव्हे.

"ती मला 'अहो' म्हणाली असेल का गं, त्या दिवशी?" त्यानं मला एकदा विचारलं. "मला समजूनच ओरडली असेल, नाही का?"

"तुलाच," मी म्हटलं.

माझे कान लाल होत नाहीत. बरं आहे.

मागच्या महिन्यात मी दोन दिवस राहायला गेले होते. दुपार होती. तो दुकानात. शेड रिकामं, गाडी चारही चाकांवर उभी. ती मशीनवर, मी शेजारी बटणं लावत बसलेले.

खटखटखटखट…

मशीन थांबलं.

तिनं मान जराशी शेडच्या बाजूला कलती केली. हात कापडावर तसेच. श्वाससुद्धा घेत नव्हती. पाच सेकंद. दहा सेकंद.

"काय गं?"

"काही नाही. दोरा तुटला."

मी बघितलं. दोरा शाबूत होता.

तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. त्या दोन दिवसांत असं चार वेळा झालं. ती कशाची वाट बघते ते मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. त्या रविवारी घरात "खाली चाललो" आलं होतं. "वर आलो" अजून आलेलं नाही.

तो कधी कधी दुकानातून लवकर येतो, शेडच्या दारात उभा राहतो, आणि तिथून ते दोन शब्द स्वतःच ओरडून टाकावेत असं त्याला वाटतं. एकदाचं संपवावं. तोंड उघडतो. मग मिटतो.

आतून तिनं "कळलं!" म्हटलं, आणि उस्तादसाठीच्या त्याच आवाजात म्हटलं, तर ते त्याला सहन होणार नाही म्हणतो.

पुढचं तिनं मला त्याच मुक्कामात सांगितलं. त्याला हे ठाऊक नाही.

उस्ताद गेला त्या सकाळी ती औषधं आणायला दवाखान्याच्या तळमजल्यावर गेली होती. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं तिला नंतर सांगितलं, की तुमचे यजमान शेवटी दोनच शब्द बोलले, दोनदा बोलले, आणि मग दाराकडं बघत उत्तरासाठी थांबून राहिले: "खाली चाललो."